अरुणाला गाडी लागते

तळवलीत जाऊन रोहिदासचं घर कुठलं असं विचारलंत, तर कोणी घर नंबर सांगणार नाही. "ज्याच्या बायकोला गाडी लागते तो रोहिदास ना? ते काय, देवळामागं." आपली भाषाही काय चीज आहे बघा. भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते, लळा लागतो, आणि काही जणांना गाडी लागते! परक्या माणसाला वाटावं, बिचारीला गाडीनं उडवलं की काय. तसं काही नाही हो. गाडी हलली की पोट ढवळतं, तोंडाला पाणी सुटतं, आणि पुढचं काही मी सांगत नाही, जेवायची वेळ असेल तुमची.

अरुणाला गाडी लागते हा शोध लागला तिच्या लग्नानंतर आठव्या दिवशी. आगऱ्यांच्या घरात लग्न झालं की नवराबायकोनं कार्ल्याच्या एकवीरेला जायचं. अख्खी भावकी बसमध्ये कोंबली होती. ढोलकी, गाणी, मागच्या बाकावर डब्यांची चळत. नवरानवरी पुढं. खंडाळ्याचा घाट लागला, दोन वळणं झाली, आणि नव्या नवरीनं तोंडावर पदर धरून "उं उं" केलं. बस थांबली. अरुणा खाली उतरून दगडावर बसली, रोहिदास तिच्या बाजूला रुमालानं वारा घालत उभा. सासू धोंडूबाई खिडकीतून ओरडली, "घ्या! सून आनली ती पन गाडी लागनारी!" सगळी बस हसली. शेवटी ठरलं, बसनं पुढं जावं, या दोघांनी मागून सावकाश चालत यावं. दोघं देवीला पोचली तेव्हा भावकीचं जेवून झालं होतं. 

तेव्हापासून रोहिदासनं एक गोष्ट मनाशी पक्की केली. बायकोला गाडी लागते म्हणून तिनं काय जन्मभर घरातच बसायचं? मुळीच नाही. तिला जग दाखवायचं, फक्त गाडीत न बसवता. 

आता हा माणूस कोण, तर पावण्याच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये वेल्डर. सकाळी सायकलनं जायचा, संध्याकाळी सायकलनं यायचा. शाळा गावात, नोकरी सायकलच्या टप्प्यात, त्यामुळं बसमोटारीशी त्याचाही संबंध बेताचाच. पण डोकं म्हणाल तर असं चालायचं की शेडचा शेठसुद्धा गप्प बसून बघायचा.

पहिल्या दिवाळीत त्यानं चुलत्याची मासेमारीची होडी काढली आणि अरुणाला खाडीतून घारापुरीला नेलं. होडीत ही बाई अशी ताठ बसली की चुलता म्हणाला, "हिला पानी लागत नाय, आन् गाडी कशी लागते रं?" दुसऱ्या वर्षी पेंढा पोचवून रिकामी परत चाललेली बैलगाडी गाठली आणि दोन दिवस हादरत नेरळ. तिथून माथेरानला अरुणा घोड्यावर आणि हा लगाम धरून पुढं, जणू काही घोडा त्याला हुंड्यातच मिळाला होता. एकदा डांबरी रस्त्याच्या रोलरवर बसून दोघं पनवेलपासून पळस्प्यापर्यंत गेली. रोलरवाला ओळखीचा होता. तासाभरात शेजारून एक म्हातारी काठी टेकत त्यांच्या पुढं निघून गेली. अरुणा इतकी हसली की रोलरवाल्यानं यंत्र थांबवलं. 

पण खरी कमाल साइडकारची. शेडमध्ये केमिकलचं एक जुनं पिंप पडलं होतं. रोहिदासनं ते उभं कापलं, आत गादी ठोकली, खाली चाक जोडलं आणि तेव्हा नुकत्याच घेतलेल्या जुन्या स्कूटरच्या बाजूला वेल्ड करून टाकलं. वर छत्री. त्या अर्ध्या पिंपात अरुणा बसायची, मांडीवर भाकरी-सुकटीचा डबा, पुढं मिताली, त्यांची मुलगी, तेव्हा चार वर्षांची. तिघं चार दिवस रस्त्यात मुक्काम करत गणपतीपुळ्याला पोचली. पेणला एका हवालदारानं अडवलं. गाडीभोवती दोनदा फिरला. "हे काय आहे?" रोहिदास म्हणाला, "साहेब, बायकोला गाडी लागते." हवालदारानं अरुणाकडं पाहिलं, पिंपाकडं पाहिलं, म्हणाला, "माझ्या पण बायकोला लागते," आणि जाऊ दिलं.

मिताली पुढं खारघरला कॉलेजला गेली. तिच्या मैत्रिणी फोनमध्ये तंबू, कायाक, कुठल्या कुठल्या बर्फावरच्या कुत्र्यांच्या गाड्या बघून उसासे टाकायच्या. मितालीनं साइडकारचा फोटो दाखवला तर पोरी वेड्याच झाल्या. "अगं, तुझे आईबाबा अ‍ॅडव्हेंचर टुरिस्ट आहेत!" घरी येऊन तिनं बापाला सांगितलं. "कसलं अ‍ॅडव्हेंचर," रोहिदास म्हणाला, "तुझ्या आईला सोसत नाय म्हनून ही सगळी नाटकं." पण बोलताना छाती दोन बोटं पुढं आली होती, हे मितालीनं पाहिलं. आणि का येऊ नये? उभ्या आयुष्यात या माणसाला कोणी शाबासकी दिली असेल तर ती याच एका गोष्टीसाठी.

मिताली लग्न होऊन अलिबागला गेली. यंदा तिचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवास करायला मनाई केली, म्हणून आईनंच तिकडं जायचं ठरलं. रोहिदासला तर निमित्तच मिळालं! त्यानं होडी ठरवली. खाडीतून बाहेर पडून किनाऱ्याकिनाऱ्यानं थेट अलिबाग. पोलिसांच्या परवानगीचे कागद केले, भरती-ओहोटी लिहून काढली, बायकोला टेकायला होडीत पाठीचं बाकडं बसवलं. निघायला बारा दिवस अवकाश होता. अरुणाचे डिंकाचे लाडूसुद्धा व्हायचे होते. 

आणि रविवारी सकाळी दहाला जावयाचा, प्रितमचा फोन आला. बाळाचे ठोके मधूनच कमी होतायत, भूलवाले डॉक्टर आले की दोन वाजता ऑपरेशन. मग मिताली फोनवर आली. "आई, तू ये. तू आल्याशिवाय मी आत नाय जानार. मना भीती वाटते गं." सुई टोचायची म्हटली की पलंगाखाली लपणारी पोर ती. आवाज ऐकून रोहिदासच्या तोंडचं पाणी पळालं. होडीला आठ तास. साइडकारला पाच. शेजारचा अरविंद टॅक्सी चालवायचा, तो चावी घेऊन दारात उभाच राहिला, "काका, साडेतीन तासांत सोडतो."

"अरे पन हिला..." रोहिदासनं बायकोकडं पाहिलं. "अरुना, बंद गाडी हाय. साडेतीन तास. कशी सोसशील?"

"सोसते. चला तुमी." तिनं पायात चप्पल सरकवली पण होती.

रोहिदासनं काय काय म्हणून घ्यावं! प्लास्टिकच्या पिशव्या, लिंबू, पाण्याची बाटली, खिशात आलेपाक. आलेपाक त्याच्या खिशात कायम असायचा, बायकोसाठी. तिला खिडकीची जागा दिली, स्वतः बाजूला बसला आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिला. बेलापूर गेलं. पनवेल गेलं. अरुणा आपली फोनवर, मितालीशी बोलतेय. "हा बाय, पनवेल सुटलं. हा, तू पानी नको पिऊ, डॉक्टर नको बोललाय ना?" बोलणं संपलं की फोनवर लिहून पाठवतेय. मान खाली, डोळे त्या एवढ्याशा अक्षरांवर, आणि गाडी ऐंशीनं पळतेय. 

पेण आलं तसं रोहिदासच्या कानात काहीतरी गुणगुणायला लागलं. मानेला घाम फुटला. जिभेखाली पाणी जमा झालं. काळजीनं होत असेल, तो मनात म्हणाला. तिला त्रास होणार म्हटलं की आपल्याला असं होतंच, पहिल्यापासून होतं. त्यानं आलेपाकाची वडी तोंडात टाकली.

"अरुना, मळमळतंय ना तुला? थांबवूया का?"

"मना नाय." ती त्याच्याकडं वळली, एकदाच नीट बघितलं, आणि पुढं वाकली. "अरविंद, थांबायचं नाय. बारा वाजून गेलेत. काच खाली घे यांच्या बाजूची." मग तिनं एक पिशवी उघडून नवऱ्याच्या तोंडासमोर धरली. सवय असावी तशी धरली. "घ्या. होऊन जाऊ द्या."

"अगं मना कशाला—" एवढंच तो बोलू शकला.

वडखळपर्यंत दोनदा झालं. अरुणा पाठीवरून हात फिरवत होती, तोंड पुसत होती, दुसऱ्या हातानं लेकीचा फोन घेत होती. रोहिदास मान टेकून पडला. थोड्या वेळानं क्षीण आवाजात म्हणाला, "तुझं मना कसं काय लागलं गं?"

इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू अरुणाला आवरेना. "माजं कुठचं? तुमचंच हाय ते. तीस वर्सं तुमचंच हाय."

"काय बोलतेस?"

"खंडाल्याच्या घाटात तुमी कसे झालेले आठवतं? पांढरे फटक. कपाळावर घाम. मागं बसलेत तुमचे सगले चुलतभाऊ. आता हा मानूस नवरदेवाच्या टोपीत ओकनार, आन् हे लोक मरेपर्यंत याला चिडवनार. आठ दिवसांची ओळख आपली, पन मना वाईट वाटलं तुमचं. म्हनून मीच तोंडाला पदर लावला."

अरविंदनं आरशातून एकदा मागं पाहिलं आणि शहाण्यासारखी नजर रस्त्यावर ठेवली. 

रोहिदास मान उचलून नीट बसला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तोही तीस वर्षं! बैलगाडी, रोलर, पिंप. कोणासाठी केलं हे सगळं? "मग नंतर तरी सांगायचंस," तो म्हणाला. आवाजात राग होता, आणि खरं सांगायचं तर रडूही होतं. त्याच्याकडं दाखवायला म्हणून जी एकच गोष्ट होती ती कोणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं झालं होतं त्याला. 

अरुणाचं हसणं थांबलं. "कशी सांगू? घरात अकरा मानसं. तुमच्याशी दोन शब्द बोलायचे तर चुलीपाशी, ते पन सासूच्या समोर. त्या दिवशी घाटातून आपन दोघंच चालत गेलो, तुमी मना करवंदीच्या जाली दाखवल्या, तुमचं शेडमधलं सांगितलं. मना वाटलं, आता खरं सांगितलं तर पुढच्या खेपेला मना बसमध्ये बायकांत बसवतील. आन् नंतर तुमी होडी आनली, पिंप आनलं... माज्यासाठी एवढं कोन करनार होतं? मना ते सोडवेना." तिनं पिशवीला गाठ मारली आणि म्हणाली, "रागवा पायजे तर. पन मितालीची सुटका झाल्यावर रागवा."

पुढं अलिबागच्या अलीकडची कार्ले खिंड होती. वळणावर वळण. अरविंदनं विचारलं, "काका, जरा थांबू?" रोहिदासनं डोळे मिटून हातानंच पुढं चल अशी खूण केली. दुसरा हात अरुणाच्या हातात होता. तो त्यानं काही काढून घेतला नाही.

दोनला वीस मिनिटं कमी असताना ते दवाखान्यात पोचले. मितालीला स्ट्रेचरवर घेतलं होतं. आईला बघताच तिनं जो काही टाहो फोडला, तो ऐकून नर्ससुद्धा बाजूला झाली. अरुणानं तिचा चेहरा ओंजळीत धरला, कानात काहीतरी सांगितलं, आणि पोर मुकाट आत गेली. तासाभरानं मुलगी झाल्याचं कळलं. दोघी सुखरूप. प्रितम भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. 

मग सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि जिभाही सुटल्या. विहीण बायजाबाई लिंबूपाण्याचा ग्लास घेऊन लगबगीनं अरुणाकडं आली. मागं प्रितमचे काका, मामा, आत्या, अख्खा गोतावळा. "विहीनबाई, हे घ्या आधी. तुमाला गाडी लागते ना? मिताली सांगते नेहमी. बंद गाडीतून आलात, काय हाल झाले असतील!"

अरुणानं ग्लास घेतला. एकदा रोहिदासकडं पाहिलं. भिंतीशी उभा, चेहरा अजून पिवळा, शर्टावर डाग. ती व्याह्यांकडं वळली आणि अगदी सहज म्हणाली, "हो ना, थोडा झाला खरा तरास—"

"तिला नाय."

सगळे वळले. रोहिदास पुढं आला आणि त्यानं बायकोच्या हातातला ग्लास काढून घेतला.

"तिला काय नाय होत. मना लागते गाडी. पयल्यापासून मनाच लागते. तीस वर्सं माजं हिनं आपल्या नावावर घेतलंय." आणि सगळ्या व्याह्यांदेखत तो लिंबूपाणी घटाघटा प्यायला.

मामा फिसकन हसले, मग आत्या, मग सगळेच. रोहिदासही हसला. अरुणा तेवढी हसत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते आणि पुसायला पदराचं टोक हाताला सापडत नव्हतं. शेवटी तिनं रिकामा ग्लास त्याच्याकडून घेतला.

"झालं ना सांगून? आता बसा खाली," ती म्हणाली. "पाय कापतायत तुमचे. नात हातात घ्यायची हाय."