रसूल वायरलेस

गुलाम रसूल यांच्यासमोर 'भंगार' हा शब्द काढू नये, एवढी एकच सूचना जुन्या नांदेडातले शेजारी नव्या माणसाला देत. नवा माणूस ती विसरायचा. मग बासष्ट वर्षांचे गुलाम रसूल गच्चीवरच्या खोलीतून खाली येत, त्या माणसाला हाताला धरून वर नेत, आणि तासाभराने तो माणूस खाली येई तेव्हा त्याला सीबी रेडिओ म्हणजे काय ते आयुष्यभरासाठी कळलेलं असे.

सीबी म्हणजे गाण्यांचा रेडिओ नव्हे. विटेएवढा चपटा लोखंडी डबा, गाडीत गिअरच्या वर स्क्रूने बसवलेला. त्याला पिळाच्या वायरवर माइक. बटन दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. पाच-सात किलोमीटरच्या आत कुणाकडे तसाच डबा असला तर तो उत्तर देतो. रिचार्ज नाही, टॉवर नाही. गुलाम रसूल आखातात नऊ वर्षं खाणीच्या कंपनीचा ट्रेलर चालवत. वाळूचं वादळ आलं की पुढचा ट्रेलर दिसत नसे, फक्त त्याच्या ड्रायव्हरचा आवाज या डब्यातून येई. त्या आवाजाच्या मागे मागे गाडी हाकली म्हणून आपण आज जिवंत आहोत, असं त्यांचं म्हणणं. अशा वस्तूला कुणी वजनावर विकलं की त्यांचा तोल जाई.

गावी परतल्यावर त्यांनी टेप दुरुस्तीचं दुकान चालवलं. टेप संपले, दुकान संपलं, सेट गोळा करणं सुरू झालं. आखातातून परतलेल्यांनी रेडिओ समजून आणलेले, गाणी लागत नाहीत म्हणून माळ्यावर टाकलेले सेट भंगारवाल्यांकडे निघत. (शब्द मला वापरावा लागतो, ते वाचणार नाहीत अशी आशा आहे.) वीस वर्षांत तेवीस झाले. तेवीसच्या तेवीस चालू. बंद सेट ते रात्रंदिवस उघडून बसत आणि तो बोलला की त्याच्या पोटात तारखेची चिठ्ठी चिकटवत. तपासणीला दुसऱ्या टोकाला त्यांची बायको दिलशाद असे, खाली स्वयंपाकघरात, एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात झारा.

"हाव, सुनने को आ रा," ती म्हणायची. "पानी आया नल को, अब नीचे उतरो."

तेवीस सेटांचं सगळं मिळून एवढंच संभाषण.

या कमी ताकदीच्या सेटांना परवाना लागत नाही, असा सरकारी नियम २००५ सालापासून आहे. त्या राजपत्राची झेरॉक्स त्यांनी लॅमिनेट करून भिंतीला लावली होती. तो नियम माहीत असलेला माणूस त्या भागात एकच होता, आणि त्याला तो कुणी विचारत नव्हतं.

सेटांसाठी ते महिन्यातून एकदा एसटीने लातूरला जात. तिथे रिंगरोडला बजरंगचं गोदाम. बजरंगने सेट तराजूत टाकला की भांडण सुरू.

"उचल ते."

"चाचा, वजन तर करू द्या."

"तुझं पोरगं शाळेत घातलं तवा वजन करून घातलं का रे?"

"पावणेदोन किलो भरायलंय. लोखंडाचा भाव धरला तर..."

"लोखंडाचा भाव तुझ्या गेटला. याचा भाव मी सांगतो. अन् ही वायर कुणी तोडली? माइकची वायर कुणी तोडली?"

"तांबं असतंय त्यात."

"तुझ्या जिभेत काय असतंय ते बघतो एक दिवस."

आणि मग ते लोखंडाच्या चौपट पैसे देऊन सेट टॉवेलात गुंडाळून नेत. बजरंग हुशार. लांबून टोपी दिसली की तो सेट आधीच तराजूत नेऊन ठेवू लागला.

मागच्या उन्हाळ्यात रेणापूरकडच्या विहिरींवरून मोटारींच्या केबली चोरीला जाऊ लागल्या. त्यातलं जाळलेलं तांबं बजरंगच्या गोदामात सापडलं. पोलिसांनी त्याचा मोबाइल पाहिला. आपल्याकडे माणसं मोबाइलमध्ये आडनावाने राहत नाहीत, कामाने राहतात. सिंधु दूध. शेषेराव जेसीबी. गुरुबसप्पा सिमेंट. त्या रांगेत एक नाव निघालं: रसूल वायरलेस.

नाव रसूल आणि वस्तू वायरलेस. हे दोन शब्द एका ओळीत आले की पुढची ओळ लोक स्वतःच लिहितात. लातूरहून नांदेडला फोन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला जमादार ग्यानोबा दोन शिपाई घेऊन आले. तरुण फौजदार खाली गल्लीत मोबाइलवर बोलत उभे राहिले. ग्यानोबांच्या घरचा टेप गुलाम रसूल यांनी तीनदा दुरुस्त केलेला. ते माणूस ओळखून होते. त्यांनी शेजारचे दोन पंच बोलावले, फळीवरचे सेट पाहिले, राजपत्राची झेरॉक्स पाहिल्यासारखी केली, आणि मांडीवर पॅड ठेवून पंचनामा लिहिला. लिहून झाल्यावर हळूच म्हणाले, "चाचा, सही करा अन् चहा पाजा. मी समदं मिटवलंय."

गुलाम रसूल यांनी चष्मा लावला. कागदावर होतं: तेवीस नग, जुनी, बंद, निरुपयोगी उपकरणे, भंगार.

पंचांपैकी एकजण दाराकडे सरकला.

"बंद कोनता हाय?" गुलाम रसूल म्हणाले.

"चाचा, ऐका..."

"जमादार, बंद कोनता हाय ते हात लावून दाखवा. एक दाखवा."

"तुमच्या भल्यासाठी लिहिलंय हो! बंद म्हनलं की विषय खलास. साहेब खाली उभे हायेत, आवाज कमी करा."

"आवाज? आवाजच ऐकवतो तुमाला."

आणि नांदेडच्या पोलीस इतिहासात बहुधा कुणी केली नसेल अशी गोष्ट त्यांनी केली. समोर माणूस त्यांना वाचवत असताना त्यांनी बॅटरीच्या वायरी जोडल्या आणि स्वतःविरुद्धचा पुरावा चालू केला. पहिला सेट. दुसरा. नववा. खालून दिलशादचा आवाज प्रत्येक डब्यातून नव्याने येऊ लागला. "हाव, सुनने को आ रा. कौन आए जी? चाय रखूँ क्या?" ग्यानोबांनी कपाळावर हात मारला. बाराव्या सेटला जिन्यात बुटांचा आवाज झाला आणि फौजदार दारात आले.

"हे चालू आहेत?"

"समदे!" गुलाम रसूल अभिमानाने म्हणाले.

सेट पोत्यांत गेले. टॉवेल नाही, खोका नाही, कापसाच्या पोत्यांत. गुन्हा दाखल झाला नाही, 'चौकशीसाठी ताब्यात' असा शेरा पडला. संध्याकाळी एका यूट्यूब चॅनलने 'नांदेडात वायरलेस साठा, खळबळ' अशी बातमी दिली. खळबळ बातमीनंतर झाली. त्याआधी गल्लीत फक्त नळाला पाणी आलं होतं.

तीन महिने गुलाम रसूल रोज ठाण्यात जात. लॅमिनेट केलेला कागद टेबलावर आपटत. फौजदार म्हणत, तज्ज्ञांचा अभिप्राय मागवलाय. तज्ज्ञ कुठे आहेत? वर. वर म्हणजे कुठे? पत्र गेलंय. कुठल्या तारखेला? चाचा, बाहेर बसा. ते बाहेर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सीबीची सत्तावीस मेगाहर्ट्झची लहर म्हणजे काय ते ओरडून सांगत. मोटारसायकल चोरीची तक्रार द्यायला आलेल्या नायगावच्या एका शेतकऱ्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझी गाडी यावर सापडंल का?"

शेवटी फौजदारांनीच तोड काढली. "एक ओळीचा जबाब द्या. सर्व उपकरणे बंद असून भंगार म्हणून विकत घेतली होती. उद्या घेऊन जा."

"खोटं लिहू?"

"मग राहू द्या इथंच."

त्यांनी लिहिलं नसतं. पण त्यांची मुलगी तूबा शाळेत शिक्षिका, खाजगी शाळा. मुख्याध्यापकांनी तिला 'घरी सगळं ठीक ना?' असं एका आठवड्यात दोनदा विचारलं होतं. त्या रात्री जेवणाच्या ताटावर दिलशाद म्हणाली, "आपके डिब्बे चालू हैं, मेरे कू मालूम. तूबा की नौकरी भी चालू रहने दो."

सकाळी त्यांनी जबाब दिला. सही उर्दूत केली. विचारलं तर म्हणाले, मराठीतलं नाव चांगलं आहे, ते कशाला घाण करू. 'भंगार' हा शब्द लिहिताना पेन अडकलं म्हणून त्यांनी ग्यानोबांचं पेन मागितलं. तेही अडकलं. तिसऱ्या पेनाने लिहिला.

सेट घरी आले. सहा बंद पडले होते. दोन सेटांचे माइक गायब होते. तीन आठवडे त्यांनी कुणाशी बोलणं टाळलं आणि दुसरे माइक जोडून सहाही बोलते केले. इथे एखादा माणूस थांबला असता. पण त्या चॅनलने पाठपुराव्याची बातमी दिली होती: 'वायरलेस निघाले भंगार! चाचांच्या जबाबाने पोलीसही हसले.' सोबत हसणारे पिवळे चेहरे. पोलीस हसले की नाही माहीत नाही. गल्ली हसली. पूर्वी त्यांना वाट देणारी पोरं आता जिन्याखालून ओरडू लागली, "चाचा, भंगार है क्या?"

सोमवारी गुलाम रसूल यांनी रिक्षात तेवीस सेट टॉवेलांत गुंडाळून ठेवले आणि ठाणं गाठलं. फौजदारांसमोर दोन पानी अर्ज ठेवला. विषय: माझा आधीचा जबाब खोटा असल्याबाबत.

फौजदारांनी अर्ज दोनदा वाचला. "चाचा, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय देताय?"

"हाव."

"जबाब खोटा असेल तर सेट परत जप्त करावे लागतील."

"बाहेर रिक्षात हायेत. मीटर चालू हाय, लवकर करा. पन ह्या खेपेला पंचनाम्यात 'चालू' लिहा."

ग्यानोबा मधे पडले. "चाचा, पाया पडतो तुमच्या. घरी जावा. तुमचं सामान मिळालं ना?"

"सामान मिळालं, जमादार. कागद तुमच्याकडं राहिला. मी मेल्यावर कुनी काढून बघितला तर त्यात काय दिसंल? गुलाम रसूलनं वीस वर्सं कचरा जमवला. माझ्याच अक्षरात!" ते इतके जोरात बोलत होते की कोठडीतला इसम उठून गजांशी आला. "तुमी मला चोर लिहा, चालंल. माझ्या वस्तूला बंद लिहायचं न्हाई."

"अर्ज घेता येत नाही," फौजदार म्हणाले.

"मग मी हितंच बसतो."

ते बसले. चार वाजेपर्यंत बसले. रिक्षावाल्याने दोनदा आत येऊन पाहिलं. साडेचारला फौजदारांना बंदोबस्ताला निघायचं होतं. त्यांनी ग्यानोबांना खूण केली आणि अर्जावर आवकचा शिक्का पडला. सेट कुणी जप्त केले नाहीत. ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत जागा नव्हती. तिथे आता चोरीच्या केबली होत्या.

दिलशाद त्यांच्याशी सहा दिवस बोलली नाही. तपासणीला माइकही घेतला नाही. ते वरून बटन दाबत आणि खाली स्वयंपाकघरात एक डबा एकटाच खरखरत राही.

सातव्या दिवशी शिपाई नोटीस घेऊन आला. गुलाम रसूल यांनी दारातच पाकीट फाडलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. ते स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी दिलशादला मराठी नोटीस मोठ्याने वाचून दाखवली: "आपण आपल्या ताब्यातील तेवीस वायरलेस सेट चालू व सुस्थितीत असताना, ते बंद असल्याबाबत हेतुपुरस्सर खोटा जबाब देऊन..."

"सुनी?" ते म्हणाले. "चालू व सुस्थितीत. सरकार का सिक्का है नीचे."

दिलशादने पिठाचे हात पदराला पुसले आणि कागद त्यांच्या हातातून घेतला. तिला मराठी वाचता येत होतं, सावकाश. ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेली.

"हाजिर होना बोले ना कोर्ट में," ती म्हणाली. "तारीख कौन सी है?"

"होगी उसमें कहीं," गुलाम रसूल म्हणाले, आणि कागद परत घेऊन झेरॉक्स काढायला बाहेर पडले. लॅमिनेशनसाठी.