नलिनीची गोगलगाय

"आधी कोण?" हे त्यांनी मला विचारलेलं पहिलं वाक्य, आणि तेही खेकसून.

मुलाकडे सिंगापूरला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मंडपात, एक रिकामं टेबल दिसलं म्हणून बसले. टेबलावर टिश्शूचं पाकीट पडलं होतं. कोणी विसरलं असेल म्हणून मी ते पिशवीत टाकलं. तेवढ्यात हातात चहा घेऊन एक म्हातारा समोर उभा राहिला. माझं नऊवारी बघून मराठीतच म्हणाला, "बाई, या टेबलावर आधी कोण?"

"तुमचं नाव लिहिलंय का यावर?"

"लिहिलं होतं. ते तुम्ही पिशवीत टाकलंत."

इथे पाकीट ठेवलं की टेबल आपलं होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुमच्यापैकी जे इथे राहतात त्यांना ठाऊक असेल. त्या म्हाताऱ्यांना हा रिवाज फार आवडायचा. "माझी सगळी विद्या एवढीच आहे," म्हणायचे.

पुढे काही वर्षं सकाळचा चहा आम्ही एकत्र घेतला. मी चौथी शिकलेली, ते कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. पण सकाळी दोघांनाही घरात काही काम नसायचं, म्हणून जमलं.

ते दगडातले प्राणी शोधायचे. इंग्रज जाऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हा हातोडी घेऊन नागपूरकडच्या टेकड्या फिरले. तिथे एका जुन्या तळ्याचा दगड झालेला गाळ सापडला आणि त्यात नखाएवढी गोगलगाय, तीही दगड झालेली. तशी आधी कोणी पाहिली नव्हती. जो शोधतो तो नाव देतो. घरी नुकतीच मुलगी झाली होती. त्यांनी गोगलगायीला तिचं नाव दिलं.

"लेकीचं नाव गोगलगायीला?" मी म्हणाले. "निदान फुलपाखरू तरी बघायचं."

"जे सापडलं ते दिलं."

शाळेतल्या पोरींनी नलिनीला चिडवून रडवलं. माझं नाव काढा म्हणून ती बापाशी कडाकडा भांडली. बाप म्हणाला, आता काढता येत नाही, जग आहे तोवर राहणार. हे सांगताना म्हातारा दर वेळी हसायचा. मला वाटतं, त्यानंतर लेक त्यांच्याशी एवढं कधी बोललीच नसावी. आता ती इथल्याच तांजोंग पगार भागात बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती. घरी आली तरी फोनवर. बाई वाईट नव्हती. औषधं वेळेवर, कपडे स्वच्छ. बोलणं तेवढं नव्हतं.

एका सकाळी त्यांनी चहा आणलाच नाही. नुसते येऊन बसले. परदेशातल्या कोणा संशोधकाची मेल आली होती. तसलीच गोगलगाय त्यांच्याआधी दुसऱ्या कोणी शोधून छापली होती, भारतात कधी न पोचलेल्या एका लहानशा मासिकात. त्या संशोधकाने दोन्हींचे फोटो पाठवले होते आणि विचारलं होतं, या एकच आहेत का?

"एकच असल्या तर?"

"ज्याने आधी छापलं त्याचं नाव राहतं. मी दिलेलं रद्द."

"मग म्हणा वेगळ्या आहेत. तुमच्याएवढं कोणाला कळतंय?"

"कोणालाच नाही. म्हणून तर मला विचारलंय."

बरेच दिवस ते भिंग लावून ते फोटो बघत होते. मग कळवून टाकलं, एकच आहेत. मी त्यांना तोंडावर मूर्ख म्हणाले. लेकीच्या नावाचं एवढं एकच काही तुमच्याकडे होतं, तेही दिलंत.

"टेबलावर पाकीट आधीच होतं, बाई. मला दिसलं नव्हतं, एवढंच."

लेकीला जेवताना सांगितलं म्हणाले.

"काय म्हणाली?"

"'इट्स ओके, बाबा.' आणि ताट उचलून गेली."

"मग तुम्हाला काय हवं होतं?"

"भांडायला हवी होती," म्हणाले.

त्याच वर्षी ते गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. मी वर त्यांच्या घरी जाऊन पाहून आले. दुसऱ्या दिवशी चहाला खाली गेले, कारण घरात बसून तरी काय करणार होते? समोर एक अनोळखी चिनी म्हातारी नूडल्स खात बसली. तिला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिची.

काही आठवड्यांनी नलिनी आली. गळ्यात ऑफिसचा पास, डोळे सुजलेले.

"काकू, बाबा त्या गोगलगायीबद्दल काही बोलले होते?"

"बोलले होते. तू भांडायला हवी होतीस म्हणाले."

ती समोर बसली. मग म्हणाली, "मी काही बोलले असते तर त्यांना आणखी वाईट वाटलं असतं, असं वाटलं मला."

"हे मला सांगून काय उपयोग?"

तिने फोन काढून माझ्यासमोर धरला. त्या मेलमधले दोन फोटो होते. "हे बघा. हिच्या शंखाच्या तोंडाची कड जाड आहे आणि त्या दुसरीची पातळ. सरळ दिसतंय, काकू! या एकच कशा? बाबांनी मान्य कसं केलं?"

मला दोन्ही सारख्याच दिसल्या, आणि मी तसं सांगितलं. ती ऐकेना. फोटो मोठे करकरून दाखवत राहिली. आवाज चढला, तशी आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. "नाही, पण ही कड बघा ना," ती म्हणत होती, "याचं उत्तर द्या मला."

उत्तर असणार. त्यांनी ती कड नक्की पाहिली असणार. पण मला ते ठाऊक नव्हतं.