गरमीचा रिपोर्ट

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. बेला गावच्या बाजारात भाजीवर पाणी शिंपडता शिंपडता बायको माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "भाऊ, वांगे कसे दिले?" थट्टा करते असं वाटून मी हसलो. तेवढ्यात तिचे हात वाकडे झाले, तोंडाला फेस आला. मी तिला धरून खाली निजवलं.

आदिलाबादच्या दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. "गरमी निकली है. दिमाग तक गई होगी. बाहर कहीं जाते थे क्या?"

गरमी म्हणजे बाहेरख्यालीचा रोग. मी कुठे जाणार? मळा आणि बाजार, झालं माझं जग. माझंही रक्त तपासलं, ते साफ निघालं, आणि मी जास्तच भ्यालो. मी नाही, तर मग कोण? स्वभाव मुळातच शंकेखोर. तिचा पाण्याचा गिलास मी वेगळा ठेवला. घरात सांगितलं, डॉक्टरनं सांगितलंय.

इंजेक्शनं झाली, झटके थांबेनात. मग नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी तिची सुजलेली बोटं पाहिली, गालांवरचा लाल चट्टा पाहिला. तो आम्ही उन्हाचा समजत होतो. रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्टची वाट पाहताना मला अन्न गोड लागेना. ती मरेल ही भीती होतीच, पण रिपोर्टात पुन्हा तेच निघेल ही भीती त्याहून मोठी होती. आज सांगायला लाज वाटते.

रिपोर्ट आला तेव्हा ती खाटेवर शुद्धीत होती. डॉक्टर म्हणाले, "याला ल्युपस म्हणतात. रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडी स्वतःच्याच शरीरावर उलटतात. सांधे, चट्टा, झटके आणि हा रिपोर्ट, सगळं जुळतंय. या आजारात गरमीची तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. यांना गरमी नाही."

"सुटलो," मी म्हणालो.

"कसले सुटलात? आजार मेंदूपर्यंत गेलाय."

बायको माझ्याकडे बघत होती. "गरमी?" ती म्हणाली. "तुमी माह्यावर वहीम घेतला?"

पुढचं तिनं मला विचारलंच नाही. मान वळवून डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, मी वाचीन का?"