किल्लीवाल्याचा नंबर

किल्लीवाले, हे पत्र तुम्हालाच आहे. पण तुमच्याशी सरळ बोलायला गेलं की तुम्ही "जाऊ द्या बाई" म्हणून हात झटकता. म्हणून तुमची गोष्ट मी तिऱ्हाईताची असल्यासारखी सांगते. मध्ये बोलायचं नाही. आणि काही जाऊबिऊ द्यायचं नाही.

तर हा किल्लीवाला. जिन्याखालचं त्याचं दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की त्याला बाहेर यावं लागे. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, फळीवर कानशी, आणि दारावर वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं रंगवलेला फोन नंबर. त्याचा एक नेम होता. "दार ओढलं गेलंय, उघडून द्या" असा फोन आला की तो पत्ता विचारायचा आणि फोन ठेवून द्यायचा. मग वही काढायची, त्या घराला कुलूप बसवताना लिहून घेतलेला नंबर शोधायचा, आणि त्यावर आपण फोन करून विचारायचं. तिकडून होकार आला तरच पिशवी खांद्याला. लोक चिडत. तो म्हणे, "माझंच घर आहे असं चोरही म्हणतो, आणि तुमच्यापेक्षा गोड आवाजात म्हणतो."

एका सकाळी घरी चहाचा पहिला घोट घेतोय तोच फोन वाजला.

"कालपासून सात वेळा फोन केलास! लाज नाही वाटत?"

"मी? कुणाला?"

"तुझ्याच नंबरावरून! बाईचा आवाज. तुमचं खातं बंद होणार, एक दाबा म्हणे."

"अहो, माझ्याकडं बाईचा आवाज एकच आहे, आणि तो फक्त मलाच ऐकावा लागतो."

आतून बायको ओरडली, "त्याला सांगा, एक कशाला, त्या मेल्यांचा गळाच दाबा म्हणावं!"

हसण्याचं तेवढंच. दुपारपर्यंत साठ फोन आले. एकानं आईवरून शिवी दिली. त्याची आई जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यानं कानस इतक्या जोरात ओढली की हातातली किल्ली वाया गेली.

तो फोन कंपनीत गेला. खिडकीवरच्या पोरीनं समजावलं, "काका, नंबर चोरीला नाही गेलेला. ते लोक मशीनवरून हजारो फोन सोडतात आणि समोरच्याला कुणाचाही नंबर दाखवतात."

"आणि तुम्ही तपासत नाही?"

"सोय आहे ना. फोन जिथून निघतो तिथली कंपनी, नंबर खरा आहे असा शिक्का मारते. जिथं पोचतो तिथली तो शिक्का पडताळते."

"मग?"

"सगळ्या कंपन्या अजून मारत नाहीत. काहींची यंत्रं जुनी आहेत. त्यामुळं बिनशिक्क्याचे फोनही आम्ही पुढं सोडतो."

"म्हणजे कुलूप आणलंय, पण दाराला लावलेलं नाही. येईल त्याला 'या, बसा'! मी असा धंदा केला असता तर लोकांनी जोड्यानं हाणला असता."

"तुम्ही नंबर बदलून टाका ना, काका," असं म्हणून तिनं पुढच्याला बोलावलं. वा! चोरानं मजेत फिरावं आणि घरवाल्यानं घर सोडावं.

तोवर लोकांनी तक्रारी करून करून त्याचा नंबर बदनाम केला होता. त्यानं फोन लावला की समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटत : फसवणुकीची शक्यता.

मग ती दुपार आली. शेजारणीच्या फोनवरून एका बाईचा फोन आला. वाऱ्यानं दार आपटलं होतं, बाळ आत, गॅसवर दूध. तो पिशवी घेऊन धावला आणि धावता धावताच वहीतला नंबर लावला. कुलूप बसवलं तेव्हा नवरा एकटा राहत होता, या बाईला त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. नवऱ्यानं फोन कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. शेजारणीचा अनोळखी नंबरही तो उचलत नव्हता.

"काका, माझंच घर आहे हो! बाळाला विचारा हवं तर!"

"ताई, तुमच्या नवऱ्यानं एकदा हो म्हणू द्या."

आत मूल रडत होतं. दाराच्या फटीतून करपल्याचा वास येऊ लागला. चौथ्यांदा फोन कापला गेला, तेव्हा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा, कुणालाही न विचारता, कुलपात हत्यार घातलं.

बाळ धुरात खोकत होतं, पण धड होतं. भांड्याचा कोळसा झाला होता. बायकोनं आतल्या फोनवरून कळवलं, आणि अर्ध्या तासानं नवरा आला तो ओरडतच.

"कुणाला विचारून दार उघडलंत?"

"तुम्हालाच विचारत होतो. चार वेळा."

"फसवणुकीचा फोन मी कशाला उचलू?"

त्यानं हत्यारं पिशवीत भरली. हे आठवलं की माझं डोकं फिरतं. अकरा मिनिटं ते लेकरू धुरात होतं. आधी खात्री करून मग दार उघडणारा या गल्लीत हा एकच माणूस, आणि खोटा ठरला तोच. ज्यांनी खात्री करायची ते खिडकीमागं पंख्याखाली बसलेत.

तिथून तुम्ही तडक माझ्याकडं आलात, किल्लीवाले. "बाई, तुम्ही शिकलेल्या. अर्ज लिहून द्या. ज्या फोनवर शिक्का नाही तो पुढं सोडू नका, एवढंच." मी चार पानं लिहिली. तुम्ही म्हणालात, "बाई, एवढ्या शिव्या ते वाचणार नाहीत. एक पान करा." गुरुवारी अकराला खिडकीशी भेटायचं, तिथंच तुम्ही सही करायची आणि दोघांनी मिळून अर्ज द्यायचा, असं ठरलं.

बुधवारी मला अनोळखी नंबरावरून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी कापला. आता मी तरी कुठं कुणाचा उचलते? गुरुवारी एक वाजेपर्यंत खिडकीसमोरच्या बाकावर बसले. मग दुकानाशी आले तर कुलूप. शेजारचा शिंपी म्हणाला, "नंबर कंपनीला परत करून टाकला त्यांनी. लेकीकडं गेले. काल नव्या नंबरावरून तुम्हालाच लावत होते."

मी तशीच उलट्या पावली खिडकीवर गेले आणि अर्ज पुढं सरकवला. पोरीनं नंबर पाहिला. "आजी, हा नंबर आता कुणाच्याच नावावर नाही. नंबर नाही तर तक्रार कशी घेणार?"

शिंप्याकडून हा पत्ता घेतलाय. अर्ज एका पानाचा केलाय. सहीची जागा कोरी आहे, आणि तुम्ही सही करायला येईपर्यंत तो माझ्याच पिशवीत आहे.