हॉपरवरचे ठोके

लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज कानावर आला, की तळोज्याची ती घटना आजही आठवते. मी तेव्हा त्या औद्योगिक पट्ट्यातल्या पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो.

सकाळची हजेरी चालू असताना इस्पितळातून निरोप आला की एका कारखान्यातल्या कामगाराला मृतावस्थेत आणलं आहे. त्या कारखान्यात रंगासाठी लागणारी पांढरी खनिज भुकटी तयार होत असे. मॅनेजरने जबाब दिला, "शिडीवरून पाय घसरला." आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि जागेचा पंचनामा केला. शिडी होती, खाली सिमेंटची जमीन होती. ती इतकी लख्ख धुतलेली होती की माझ्या हवालदाराने विचारलं, "साहेब, बूट बाहेर काढू का?"

दुपारी जवळच्या नावडे गावाहून एक बाई ठाण्यात आल्या. त्यांची खानावळ होती आणि मयत त्यांच्याकडे जेवायला असे. त्याचे नातेवाईक गावाहून येईपर्यंत इस्पितळात त्याच थांबल्या होत्या.

"साहेब, तो परला नाय," त्या म्हणाल्या. "परलेल्या मानसाचे नाकान-कानान भुकटी कशी भरंल? मी माझे डोल्यांनी बघलाय."

"मावशी, तिथे भुकटी उडतच असते."

"उडते ती अंगावर बसते, आत कोंबल्यासारी जात नाय. तुमी पोलीस हाव का कंपनीचे पावने?"

हवालदाराने हसू लपवायला तोंड फिरवलं. मी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. बाईंचं बरोबर होतं. श्वासनलिका भुकटीने भरली होती, मृत्यू गुदमरून झाला होता. हाड एकही मोडलेलं नव्हतं. म्हणजे माणूस भुकटीत गाडला गेला होता, आणि इतकी भुकटी त्या कारखान्यात एकाच ठिकाणी होती. हॉपरमध्ये.

हॉपर म्हणजे दुमजली घराएवढं लोखंडी नरसाळं. वरून माल पडतो, तळाशी फिरणारा स्क्रू तो पुढे ओढून नेतो. हवा दमट असली की भुकटी आतल्या आत चिकटते, तिची कमान बनते आणि माल उतरायचा थांबतो. मग एक जण बाहेरून पत्र्यावर हातोडा मारत बसतो. त्या हॉपरचा पत्रा पोचे पडून पडून देवीचे व्रण असावेत तसा झाला होता.

स्क्रू चालवणाऱ्या ऑपरेटरला मी ठाण्यात बोलावलं. तिशीचा, साताऱ्याकडचा माणूस, बायको-मुलीसह घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहणारा. चौकशीत मी आधी चहा देतो. धमकीने माणूस आपल्याला हवं ते बोलतो, चहाने तो निदान त्याचं स्वतःचं बोलतो.

"स्क्रू तू चालू केलास?"

"व्हय साहेब."

"का?"

"ठोके पडले म्हणून."

"म्हणजे?"

"ठोके पडले म्हंजे माल सुटतोय, चालव. केबिनमधनं हॉपर दिसत नाय. आमचं सगळं आवाजावरच चालतं."

"ठोकत कोण होतं?"

"तोच की. ते काम त्याचंच."

"म्हणजे तो बाहेर उभा होता."

"बाहेरच असनार ना साहेब."

"मग बाहेरच्या माणसाच्या छातीत भुकटी कशी गेली?"

त्याने कप खाली ठेवला. मॅनेजरने मशीन बंद करवून त्याला लगेच घरी धाडलं होतं आणि त्यालाही शिडीचीच गोष्ट सांगितली होती.

"तो आत उतरलावता? आतनं ठोकत होता?" त्याचा आवाज चिरका झाला. "म्हंजे तो चालवू नको म्हनत होता... आन् मी चालू केलं?"

त्याने दोन्ही कान हातांनी दाबून धरले. मग म्हणाला, "मला आत टाका साहेब. मीच मारला त्याला."

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष हॉपर रिकामा करून घेतला. आतल्या भिंतीवर छातीच्या उंचीला पहारीचे ताजे, चकाकणारे घाव होते. पहार खाली स्क्रूच्या तोंडाशी अडकलेली सापडली. बाहेरून ठोकून माल सुटेना, म्हणून तो पहार घेऊन आत उतरला होता. पायाखालची भुकटी सरकू लागली तेव्हा त्याने पत्र्यावर ठोके मारले. त्या कारखान्यात "चालव" सांगायलाही ठोका आणि "वाचव" सांगायलाही ठोकाच.

मॅनेजर एकदम मोकळा झाला. "मग झालं ना साहेब! बटण त्याने दाबलं, कबूलपण केलं. आता कशाला टेन्शन घेता?"

"माणूस आत असताना मशीनला वीज कशी होती?"

"हे लोक न सांगता उतरतात हो."

"स्विचला कुलूप लावायची सोय दिसते. कुलूप कुठे आहे?"

कुलपं स्टोअरमध्ये निघाली, न फोडलेल्या पाकिटात. आत जाणाऱ्याने कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची, एवढाच नियम. "ते लावत-काढत बसलं तर प्रॉडक्शन बसतं," मॅनेजर मला समजावू लागला, जणू शहाण्या माणसाला हे पटायलाच हवं. बाकीच्या कामगारांना वेगवेगळं बसवून जबाब घेतले. आत उतरून माल फोडायचा हुकूम मॅनेजरचाच, प्रेत बाहेर काढून जागा धुवायचा हुकूमही त्याचाच.

वरिष्ठांनी मला बोलावून विचारलं, "बटण दाबणाऱ्याला तू साक्षीदार करतोस?"

"होय सर. त्याला दिसत नव्हतं. त्याला दिसणार नाही अशी व्यवस्था ज्यांनी ठेवली, ते आरोपी आहेत."

ऑपरेटरचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवला. पुढे खटला उभा राहिला. मॅनेजरला शिक्षा झाली. मालक सुटला. त्याच्या वकिलाने सिद्ध केलं की रोजच्या कामाशी त्याचा संबंधच नव्हता. नफ्याशी मात्र रोजचा संबंध होता. पण तो विचारायला कायद्यात रकाना नाही, याची चीड मला अजून आहे.

ऑपरेटरची साक्ष झाली त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मयताचा थोरला भाऊ त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. शेतमजूर, जालन्याकडचा. हात उचलेल असं वाटून मी दोन पावलं पुढे झालो.

"आत खरं बोललास," भाऊ म्हणाला. "आता गावाकडं चल अन् हेच आईला सांग. कंपनीचा माणूस येऊन तिला सांगून गेला, तुझं पोरगं दारू पिऊन पडलं म्हणून. तवापासून ती दाराबाहेर येत नाही."

"मी कोणत्या तोंडानं येऊ? बटन मीच दाबलंय."

"म्हणून तर तूच ये. माझ्यावर ती इसवास ठेवीना. म्हणती, भाऊ हाय, झाकून घेतोय."

ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. हे कोणत्याही समन्सवर लिहिलेलं नव्हतं. तो चपलेत पाय सरकवत म्हणाला, "चला दादा," आणि दोघं एसटी स्टँडच्या दिशेने गेले.

गुन्हेगार सापडला, आरोपपत्र गेलं, की तपास संपला असं आम्हाला शिकवलेलं असतं. पण खोटं बोलणारे फक्त कोर्टापुरतं खोटं बोलत नाहीत. ते मेलेल्याच्या घरापर्यंत जाऊन बोलतात. तिथवर खरं पोचवण्याचं काम पोलिसाचं आहे, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. त्यानंतर सेवेत असेपर्यंत प्रत्येक मृत्यूच्या तपासाअंती मी स्वतः मयताच्या घरी गेलो, दारात उभा राहिलो आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं.