टॅबचं तोंड कोणाकडे

बहिऱ्या बाईसाठी दुभाषी बोलावली आणि ती टॅबच्या पडद्यावर आली, तर तो टॅब टेबलावर कोणाकडे तोंड करून ठेवाल? लगेच उत्तर देऊ नका. उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही मी कामाला बसले की पडद्यावर बहुतेक वेळा आधी साहेब दिसतात.

मी खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. पूर्वी बारामतीहून एसटीनं जायचे आणि बाईच्या समोर, साहेबांच्या शेजारी उभी राहायचे. आता आमच्या संस्थेनं काही दवाखान्यांना आणि कचेऱ्यांना टॅब दिलेत. मी घरच्या खोलीत बसते, मागे काळा पडदा, अंगात एकरंगी कुर्ता, हातात बांगडी नाही. प्रवास वाचला, हे खरं आहे. पण हात पडद्याच्या चौकटीत ठेवावे लागतात. जरा बाहेर गेले की पलीकडे बोटं दिसत नाहीत आणि वाक्य अर्धं राहतं. नेट अडकलं की हात तसाच हवेत धरून थांबायचं. संध्याकाळी कणीक मळताना मनगटं नको म्हणतात.

टॅब डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून मी तो वडिलांच्या चळवळीतल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवते. आमच्या घरी पत्रकं पाठ्यपुस्तकांच्या आधी आली. पाण्याच्या पाळ्या, मजुरी, बायकांचा जमिनीतला हिस्सा, सगळं गुलाबी-पिवळ्या स्वस्त कागदावर, आणि प्रत्येक मागणीपुढे उद्गारचिन्ह. मी वाचायला त्यांवरच शिकले. अन्याय दिसला की बोलायचं, हे मला कुणी वेगळं शिकवलं नाही. आणि काम मात्र असं धरलं, ज्यात स्वतःचं एक वाक्यही बोलायचं नसतं.

त्या दिवशी जमिनीचे कागद नोंदवणाऱ्या एका कचेरीतून कॉल आला. पडद्यावर साहेब दिसले, मागे पंखा आणि लोखंडी कपाट. बाई कुठे दिसेना. तिचा भाऊ टॅबच्या मागून बोलत होता. त्यांचं गाव कळस. बहीण वरकुट्यात दिलेली, जन्मापासून बहिरी. मुलींच्या निवासी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे तिला खुणांची भाषा येत होती.

"मॅडम, इचारा तिला, मान्य हाय का म्हनून," भाऊ म्हणाला.

"ताई मला दिसत नाहीत. टॅब त्यांच्याकडे फिरवा."

"आवाज येतोय की तुमचा. बास हाय तेवढं."

कारकून हळूच म्हणाला, "मॅडम, टॅब तिकडं फिरवला तर साहेबांकडं पाठ होती ना."

साक्षीदार म्हणून आणलेले गावातले एक तात्या हसले. "व्हय की! टीव्हीचं तोंड बाईकडं केलं तर सायबांनी काय नुसत्या बातम्या ऐकायच्या व्हय?"

साहेबही हसले. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "सायेब, तिनं मान हलवली. हो म्हनली."

ही मान मला ठाऊक आहे. सासरी, बाजारात, दवाखान्यात कुणी आपल्याकडे बघून ओठ हलवले की मान हलवायची. म्हणजे समोरचा चिडत नाही.

"साहेब, त्यांना मी दिसलेच नाही," मी म्हणाले. "मी अजून एकही शब्द सांगितलेला नाही. त्यांचा होकार मी दिलेला नाही."

"मॅडम, तुमी फकस्त हात हलवा. डोकं नका चालवू," भाऊ म्हणाला.

साहेबांनी पडद्याजवळ वाकून पाहिलं. मग म्हणाले, "अहो, पण मला तर तुम्ही नीट दिसताय."

"तुम्हाला ऐकू येतं, साहेब."

शेवटी तात्यांनीच टॅब उचलला. पंखा, छत, भिंत असं सगळं गरकन फिरलं आणि समोर ती आली. पस्तिशीची असेल. हातात पिशवी, पिशवीत रेशनकार्ड.

साहेबांनी पलीकडून विचारलं, मी हातांनी सांगितलं: वडिलांच्या जमिनीतला तुमचा हिस्सा तुम्ही भावाला सोडून देताय. हा हक्कसोडाचा कागद आहे. तुम्हाला मान्य आहे का?

तिनं पिशवी खाली ठेवली. तिचे हात बोलू लागले तसं मी मोठ्यानं म्हटलं, "कसला हिस्सा? मला रेशनकार्डाच्या अंगठ्यासाठी आणलंय."

"तुमाला कोन आनलंय रेशनकार्डाला?" भाऊ माझ्यावरच ओरडला. दुभाषी समोरच्याच्या तोंडचं 'मी' बोलते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी खुलासा केला तेव्हा तात्या पुटपुटले, "म्हंजी ही बाई बोलती. लई बोलती की."

ती पुढं विचारत होती. "सही केली नाही, तर दिवाळीला मला न्यायला कोण येणार?"

हे मी मोठ्यानं म्हटलं. मग भावाचा आवाज आला, खाली गेलेला. "असलं हितं काय इचारायचं आस्तंय का? मॅडम, हे तिला सांगू नका."

खोलीत जे बोललं जाईल ते सगळं पोचवायचं, हा आमचा नियम. मी हातांनी सांगितलं: 'हे तिला सांगू नका.' ती हसली. खरोखर हसली, भावाकडे बघून. मग तिनं माझ्याकडे बोट केलं.

तेही मला मोठ्यानं म्हणावं लागलं. "मॅडमना विचारतेय. तुम्ही काय केलं असतं?"

टॅबखाली पत्रकांचा गठ्ठा होता. त्यातलं एक मला तोंडपाठ आहे, बहिणीनं हिस्सा सोडू नये म्हणणारं. मी तिला सांगितलं की मी इथे फक्त निरोप पोचवते, सल्ला हवा तर वकील मागता येईल. तिनं मान हलवली. तीच, सासरची मान. माझ्यापुढे तिला ती हलवावी लागली, हे मी अजून विसरलेले नाही.

साहेब म्हणाले, आज नोंद होणार नाही, बाईंना आधी समजू द्या. कॉल बंद झाला. टॅबच्या काळ्या काचेत माझाच चेहरा दिसत होता.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा कॉल आला. पडदा उजळला तेव्हा समोर तीच होती. कारकुनानं टॅब आधीच तिच्याकडे तोंड करून ठेवला होता. तिनं साहेबांना एकेक विचारलं. नंतर मागता येईल का? मुलांना मागता येईल का? वकिलाला विचारायला अजून वेळ मिळेल का? साहेबांनी उत्तरं दिली, वेळ घ्या म्हणाले. मी सगळं पोचवलं. माझे हात दुखत होते आणि मला वाटत होतं, ही आता नाही म्हणणार.

तिनं सही केली.

त्याआधी भावाला म्हणाली, "दिवाळीला तू स्वतः यायचं. वहिनीच्या हाती निरोप नको. आणि मला जे विचारायचं ते माझ्यासमोर उभं राहून विचारायचं."

"व्हय," भाऊ म्हणाला. मी तेही तिला सांगितलं. साध्या एका शब्दाला माझे हात जड झाले होते.

मला ती सही आवडलेली नाही. हिस्सा सोडल्यावरच माहेर मिळतं, तो सौदा मला आजही मान्य नाही, आणि त्याविरुद्ध पत्रक लिहायला मी कधीही बसेन. पण पहिल्या दिवशी तिचा अंगठा लागला असता तर तो तिचा नसता. ही सही तिची आहे. कशावर करतेय, काय सोडतेय, कुणासाठी, हे बघून केलेली. त्यावर माझं उद्गारचिन्ह बसत नाही.

त्यानंतरही कॉल येतात आणि पडदा उजळला की समोर साहेबच असतात. मी रोज तेच वाक्य म्हणते, रोज कुणीतरी हसतं. मी एकटी, पडद्याच्या आत. मला टेबलापर्यंत हात पोचवता येत नाही. तुम्ही त्या खोलीत असाल, साक्षीदार म्हणून, रांगेत, कागदाच्या कामाला. तर कुणाला विचारत बसू नका. उठा आणि टॅब तिच्याकडे फिरवा. साहेबांकडे पाठ झाली तर होऊ द्या.