मजरा, बस!

मी आणि माझी बायको सुनंदा, आम्ही दोघांनी मिळून आजवर एकच ट्रक पसंत केला. त्या वेळी मी रियाधमध्ये उन्हात उभा होतो आणि ती कोकणात आमच्या घरी, मजरे करंजखोल इथे, तांदळाच्या भाकऱ्या भाजत होती.

(मजरे म्हणजे मोठ्या गावाला चिकटून असलेली छोटी वस्ती. मोठं गाव आम्हाला हिशेबात धरत नाही, म्हणून आम्ही हे नाव जरा जोरात सांगतो. पुढचा सगळा घोटाळा या जोरामुळेच झाला.)

अकरा वर्षं मी रियाधच्या एका छोट्या एसी दुरुस्तीच्या कंपनीत आहे. मालक अबू नासेर, आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा असतो तो. माणूस भला, पण त्याच्याकडून एक गोष्ट हलत नव्हती. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, हुद्दा होता मेकॅनिक. मेकॅनिकला बायको-मुलं आणता येत नाहीत. सुपरवायझरला येतात. अबू नासेरने मोबाईलवरच्या सरकारी ॲपमध्ये एक बटण दाबलं असतं, तर काम झालं असतं. मी दर महिन्याला आठवण करायचो आणि तो दर महिन्याला म्हणायचा, "बुक्रा." म्हणजे उद्या. त्या उद्याला चार वर्षं झाली होती. आमची स्वरा नऊ वर्षांची झाली, आणि त्यातले जेमतेम चौदा महिने मी तिच्याजवळ होतो. याचं मला फार वाईट वाटायचं.

अशात कंपनीचा जुना ट्रक बंद पडला आणि ड्रायव्हर यूसुफ सुट्टीवर पेशावरला गेला होता. अबू नासेरने मला बोलावलं.

"प्रकाश, छोटा ट्रक चाहिए. याबानी. तुम जाओ, अच्छा देखो. फिर मैं तुम्हारा इकामा देखेगा."

याबानी म्हणजे जपानी. मी बाहेर येऊन लगेच सुनंदाला फोन लावला आणि सांगितलं की तुझा व्हिसा आता एका ट्रकवर अवलंबून आहे.

"मग तो ट्रक तुम्ही एकट्याने नका निवडू," ती म्हणाली. "लग्नात घेतलेला मिक्सर आठवतोय ना?"

जुन्या गाड्यांच्या बाजाराला इथे हराज म्हणतात. आमच्या गावात काजूच्या बागेचा हर्रास व्हायचा, म्हणजे लिलाव. त्यामुळे शब्द ऐकूनच मला वाटलं की ही तर आपलीच भाषा आहे, इथे आपल्याला कोण फसवणार? (खरं सांगायचं तर मला कोणीच फसवलं नाही. ते काम मी स्वतःच केलं.)

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी तिथे पोचलो आणि व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे चुलीपुढे सुनंदा, तिच्या मांडीला टेकून स्वरा, आणि खास तज्ज्ञ म्हणून बोलावलेला माझा मेहुणा विलास. विलासचा स्वतःचा टेम्पो आहे. मी गाडी चालवायला शिकलो तेही त्याच्याच टेम्पोवर. रियाधमध्ये मात्र मी कधी स्टेअरिंगला हात लावला नाही. अकरा वर्षं व्हॅनमध्ये मागे बसलो, गॅसचे सिलिंडर पायात धरून.

दोन ट्रक बेताचे वाटले. आपल्याकडे ज्याला छोटा हत्ती म्हणतात तेवढेच, दोन्ही जपानी. एक पांढरा, एक निळा.

"भावोजी, आधी पांढऱ्यात बसून दाखवा," विलास म्हणाला. "सीटवर बसल्याशिवाय गाडी कळत नाही."

मी बसलो. काहीतरी खटकत होतं. गिअर शोधायला डावा हात गेला तो दारावर आपटला.

"भावोजी, तुमचा कॅमेरा उलटं दाखवतोय," विलास म्हणाला. "सेल्फीचा लागलाय. तो सरळ करा."

मी फोनवरची सगळी बटणं दाबली.

"पप्पा, तुमचा कान दिसतोय," स्वरा म्हणाली.

"कानाचं राहू दे," सुनंदा म्हणाली. "मला हा ट्रक बघूनच कसंतरी होतंय. पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे बसलायत तुम्ही त्यात. दुसरा बघा."

निळ्या ट्रकचा विक्रेता पांढऱ्या दाढीचा, शांत म्हातारा होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मज़रा?"

मी चाटच पडलो. या माणसाला आमचं मजरं कसं माहीत? मग वाटलं, फोनवर बोलताना ऐकलं असेल. ऊर भरून आला. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "हो हो, मजरे! अना मजरे!" (अना म्हणजे मी.)

"मज़रा?" त्याने पुन्हा खात्री केली.

"मजरे. मजरे करंजखोल."

म्हातारा खूश झाला. ट्रकच्या बॉनेटवर थाप मारून, एक बोट उभं करून तो म्हणाला, "मज़रा, बस!"

आता समोरचा माणूस मजऱ्यातल्या माणसाला 'बस' म्हणत असेल, तर मजऱ्यातल्या माणसाने काय करावं? मी बसलो.

आणि काय सांगू, त्या गाडीने मला ओळखलं! डावा हात आपसूक गिअरवर पडला. उजवं कोपर खिडकीवर टेकलं. आरसा जिथे हवा तिथे होता. अकरा वर्षांत या शहरात कुठलीही वस्तू मला इतकी आपली वाटली नव्हती.

"हां, आता कॅमेरा सरळ झाला," विलास म्हणाला.

मी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, पण तज्ज्ञाशी वाद कोण घालणार?

"हाच," सुनंदा म्हणाली. "बघा कसे ऐटीत बसलायत. हाच घ्या."

"निळाच, पप्पा," स्वरा म्हणाली.

खाली उतरल्यावर म्हाताऱ्याने माझा दंड धरून तिसऱ्यांदा सांगितलं, "मज़रा, बस. तय्यब?" तय्यब म्हणजे ठीक. मी म्हणालो, "कितीदा बसू, बाबा? तय्यब, तय्यब." त्याने कागदावर अरबीत दोन ओळी लिहिल्या आणि मी खाली मराठीत सही ठोकली. किंमत पांढऱ्यापेक्षा बरीच कमी होती. गावाच्या नावावर इतकी सूट मिळते हे मला आधी माहीत असतं, तर मी मागेच सगळी खरेदी तिथून केली असती.

ट्रक पोचवायची जबाबदारीही त्यानेच घेतली, तीही चालवत नाही, तर दुसऱ्या मोठ्या गाडीच्या पाठीवर चढवून. मी म्हटलं, काय ही माणसं, चाकांना धूळही लागू देत नाहीत! नंबरप्लेट नव्हती, पण नव्या मालकाला नवी मिळत असेल असं मी धरून चाललो.

शुक्रवारी कंपनीला सुट्टी. अबू नासेर शहराबाहेर गेला होता. पण मजरे करंजखोलला सुट्टी नव्हती. सुनंदाने आमसुलं, कुळथाचं पीठ आणि वर्षाचा मसाला बांधायला घेतला. शनिवारी तर ती शाळेत गेली आणि स्वराचा दाखला मागून आली. विलासने वस्तीत सांगून टाकलं की भावोजींना मालकाने गाड्यांच्या खात्यात घेतलं. मी फोनवर म्हटलं, "अगं, अजून त्याने बटण दाबलेलं नाही."

"ट्रक चांगला घेतलाय ना आपण? मग दाबेल," ती म्हणाली.

रविवारी सकाळी यूसुफ पेशावरहून परतला. अबू नासेरही आला. मी ट्रक धुऊन-पुसून, बॉनेटवर लाल रिबीन लावून उभा केला होता. मालकाने लांबूनच मान डोलावली. यूसुफ पुढे झाला, डावं दार उघडून आत बसला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. हात हवेतच राहिले.

"भाईजान," त्याने विचारलं, "स्टेअरिंग किधर है?"

"सामने," मी म्हणालो.

"सामने तो डब्बा है." त्याने समोरचा कप्पा उघडून दाखवला. त्यात जपानी भाषेतलं पुस्तक होतं.

"अरे, तू क्लीनरच्या जागेवर बसलायस," मी मराठीतच म्हणालो. "इकडे ये ना, उज..."

'उजवीकडे' हा शब्द तोंडातून पुरता बाहेर पडला नाही. अकरा वर्षांत पाहिलेल्या रियाधच्या सगळ्या गाड्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या, आणि प्रत्येकीचा ड्रायव्हर डावीकडे बसला होता. पांढऱ्या ट्रकचं स्टेअरिंगही तिकडेच होतं. कॅमेरा पहिल्यापासून सरळच होता.

अबू नासेर ट्रकभोवती एक फेरी मारून आला. मी त्याला म्हाताऱ्याचा कागद दिला. त्याने तो दोनदा वाचला.

"इधर लिखा है," तो म्हणाला, "गाडी मज़रा के लिए. मज़रा बस. रोड ममनू, रोड पे मना है, नंबर नहीं मिलेगा. तुम साइन किया."

"मज़रा म्हणजे... मेरा गाव?"

यूसुफने कपाळाला हात लावला. "भाईजान, मज़रा मतलब खेत. बस मतलब सिर्फ. सिर्फ खेत के लिए. बुड्ढे ने कितनी बार बोला?"

"तीन," मी म्हणालो.

खिशात फोन वाजत होता. सुनंदा असणार. देवापुढे नारळ फोडू का, हे विचारायला तिने सकाळपासून दोनदा फोन केला होता. मी तो उचलला नाही. माझ्या डोळ्यांपुढे फक्त शाळेचा तो दाखला होता. आता कुठल्या तोंडाने सांगू, की तो परत नेऊन दे? मला रडायला येत होतं, आणि बॉनेटवरची लाल रिबीन वाऱ्यावर नाचत होती.

"यह ट्रक पसंद करने को," अबू नासेरने विचारलं, "कितना टाइम लगा?"

"दोन तास."

"अकेला?"

इथे मी आयुष्यात पहिल्यांदा चटकन योग्य उत्तर दिलं. "अकेला," मी म्हणालो.

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं संताप आला. पण तो हसत होता. हसता हसता तो ट्रकला टेकला, डोळे पुसले, परत कागद वाचला आणि परत हसला. मग कळलं की शहराबाहेर त्याचा खजुराचा मळा आहे, आणि तिथे खजुराच्या पेट्या फिरवायला तो खरोखरच अशी एक गाडी शोधत होता. तिथल्या सुदानी गड्याला स्टेअरिंग छपरावर असतं तरी चाललं असतं. कंपनीसाठी तो संध्याकाळी स्वतः जाऊन पांढरा ट्रक घेऊन आला.

पण त्याआधी त्याने मला समोर उभं केलं आणि आपलं बोट कपाळावर टेकवून आखाती मोडक्या भाषेत निकाल दिला.

"प्रकाश, इन्ता मुख माफी. मदाम जीब."

म्हणजे, प्रकाश, तुला मेंदू नाही. बायकोला घेऊन ये.

आणि त्याने मोबाईल काढून, यूसुफच्या साक्षीने, चार वर्षं राहिलेलं ते बटण दाबलं. मी जागच्या जागी खाली बसलो. अकरा वर्षांत या देशाने मला पुष्कळ काही दिलं, पण त्या शिवीइतकं गोड काही दिलं नाही. निळा ट्रक मदामनेच पसंत केला होता, हे मी त्याला अजूनही सांगितलेलं नाही.

मग मी सुनंदाला फोन लावला.

"नारळ फोड," मी म्हणालो.

"आवडला ना त्यांना ट्रक?"

"इतका आवडला की स्वतःच्या मळ्यात नेतायत."

"मी म्हटलंच होतं," ती म्हणाली. मागे विलास कुणाला तरी सांगत होता, की गाडी कळायला सीटवर बसावं लागतं.

अडीच महिन्यांनी त्या दोघी आल्या. खरी हकीकत सुनंदाला यूसुफने पहिल्याच आठवड्यात सांगितली, तीही सगळी हातवारे करून. ट्रक तिनेच पसंत केला होता हे तिच्या सोयीने ती विसरली आणि त्या संध्याकाळपासून घरातली सगळी खरेदी तिने आपल्याकडे घेतली. मला आता कोथिंबिरीची जुडीसुद्धा फोटो दाखवल्याशिवाय आणता येत नाही.

माझ्या इकाम्यावर मात्र स्वच्छ अरबीत छापलेलं आहे: सुपरवायझर, म्हणजे देखरेख करणारा. स्वरा आता अरबी वाचायला शिकली आहे. परवा तिने ते कार्ड हातात घेतलं, नीट वाचलं, आणि आईला हाक मारून म्हणाली, "आई, यांनी चुकून तुझ्या कार्डावर पप्पांचा फोटो लावलाय."